शिसे आणि सुजलेला अंगठा

उर्दूतील 'शीशा' म्हणजे काच. मराठीतील 'शिसे' हा मात्र एक धातू आहे. तुम्ही त्याला 'सीसा' म्हणता. 'शिशाचा नळ' असे वाचलेत तर तो काचेचा समजू नका! या जड धातूचा आणि पायाच्या अंगठ्याचा काय संबंध आहे, ते पाहू या.

लंडनमध्ये आल्फ्रेड गॅरॉड नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे 'गाऊट'चे रोगी येत. उर्दूत या रोगाला 'निक्रिस' म्हणतात. यात पायाचा अंगठा एकाएकी लाल होतो, सुजतो. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही. १८४८ साली गॅरॉड यांनी दाखवून दिले, की अशा रोग्यांच्या रक्तात यूरिक आम्ल जास्त असते. पुढे त्यांनी एक सोपा प्रयोग केला. रोग्याच्या रक्तातील पातळ द्रव काचेच्या उथळ भांड्यात घेतला, त्यात थोडे ॲसेटिक आम्ल घातले आणि एक धागा सोडला. एकदोन दिवसांत धाग्यावर यूरिक आम्लाचे स्फटिक जमले. दोऱ्यावर खडीसाखर जमते ना, तसेच!

गाऊट हा श्रीमंतांचा रोग, असे तेव्हा लोक म्हणत. पण गॅरॉड यांच्या इस्पितळात गरीब कामगारही येत. त्यांतील चौघांपैकी निदान एकाला पूर्वी शिशाची बाधा झाली होती, असे त्यांनी १८५९ च्या ग्रंथात लिहिले. हे लोक बहुतेक रंगारी आणि नळकाम करणारे होते. त्या काळी पांढरा रंग शिशापासून बनत असे, नळही शिशाचेच असत.

यूरिक आम्ल आपल्या सर्वांच्या शरीरात तयार होते. मूत्रपिंडे, म्हणजे गुर्दे, ते लघवीवाटे बाहेर टाकतात. शिसे वर्षानुवर्षे शरीरात जात राहिले, की मूत्रपिंडांचे हे काम मंदावते. आम्ल रक्तात साठते आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत रुततात. गाऊटच्या प्रत्येक रोग्याला शिशाचीच बाधा असते, असे मात्र नाही.

भारतात २०१७ पासून घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आहे. तरी जुन्या दारांवर जुने थर असतात. ते घासताना धूळ उडते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्यांना तर धूळ आणि धूर दोन्ही सोसावे लागतात. तुमचे अब्बा किंवा चाचा असे काम करीत असतील, तर त्यांनी हात धुऊन जेवावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत. सांधा दुखू लागला, तर डॉक्टरांना आपले कामही सांगावे. यूरिक आम्लाच्या तपासणीत शिसे दिसत नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते.