पैशाचे खाते, खात्याचा आकडा

रसायनीच्या रस्त्याने टँकर जातात. टँकरवर एक पाटी असते. पाटीवर चार अंकी आकडा असतो. १८३० असा आकडा दिसला, तर आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. १२०३ दिसला, तर पेट्रोल आहे. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या यादीतले आहेत. टँकर गुजरातचा असो की तमिळनाडूचा, आकडा तोच. आग विझवणाऱ्याला ड्रायव्हरची भाषा आली नाही, तरी आकडा कळतो. पाटी चुकीची लागली तर? माणसाच्या जिवावर बेतेल.

पैशालाही अशीच पाटी लावतात. तिला लेखाशीर्ष म्हणतात. लेखा म्हणजे हिशेब. शीर्ष म्हणजे मथळा. लेखाशीर्षाचा आकडा पाहिला की पैसा कशावर गेला ते कळते.

तुम्ही घरी काय करता? पगार आला की किराण्याचे पैसे वेगळे काढता. भाड्याचे वेगळे, औषधाचे वेगळे. हीच तऱ्हा मोठ्या कारभारात. फक्त डबे फार, म्हणून डब्यांना आकडे.

आता विद्यापीठाचे पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. रसायनीच्या महाविद्यालयांतली मुलेमुली याच विद्यापीठाच्या परीक्षा देतात. समजा, विद्यापीठात कागदाचे बिल आले. हिशेबनीस तीन प्रश्न विचारतो. कागद कोणत्या विभागाने घेतला? पैसा कोठून आला, शुल्कातून की सरकारी अनुदानातून? आणि घेतले काय?

परीक्षा विभागाचा आकडा १२ धरा. शुल्काच्या पैशाचा ३. कागदाचा ४५. मग बिलावर लिहायचे १२-३-४५. हे आकडे समजण्यापुरते आहेत, बरे का! विद्यापीठांचे आकडे वेगवेगळे असू शकतात.

सरकारचे मुख्य आकडे मात्र साऱ्या देशात एकच आहेत. ते चार अंकी असतात. त्यांतला पहिला अंक नीट पाहा.

० किंवा १ असेल, तर जमा.
२ किंवा ३ असेल, तर रोजचा चालू खर्च.
४ किंवा ५ असेल, तर इमारतीसारखा टिकाऊ खर्च.
६ किंवा ७ असेल, तर कर्ज.
८ असेल, तर मुख्यतः लोकांची ठेव व अनामत. असा पैसा सरकारजवळ असतो, पण तो सरकारचा नव्हे.

२२०२ हा आकडा वाचा. पहिला अंक २, म्हणजे चालू खर्च. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. त्याच्यापुढे ०१ आले तर प्राथमिक शिक्षण. ०२ आले तर माध्यमिक. ०३ आले तर विद्यापीठ व उच्च शिक्षण. ०४ आले तर? प्रौढ शिक्षण! तुमच्याआमच्यासारख्या मोठ्या माणसांच्या शिकण्यालाही सरकारी वहीत खाते आहे.

वर्गातल्या एका मावशींनी विचारले, "गुरुजी, आकडा बरोबर लिहिला म्हणजे चोरी थांबते का?"

गुरुजी म्हणाले, "नाही मावशी. आकडा चोराला धरत नाही. पण कोठे पाहावे ते दाखवतो. पुस्तकांचा पैसा मोटारीच्या डिझेलवर गेला आणि बिलावर पुस्तकांचाच आकडा घातला, तर वहीत पुस्तके दिसतील. मग तपासनीस विचारील, पुस्तके कोठे आहेत, दाखवा. कपाट रिकामे निघाले की लबाडी उघडी पडते."

"आणि नुसती चूक झाली तर?"

"तरी नुकसान होते. पुस्तके खरेच आणली, पण आकडा दुसऱ्या खात्याचा पडला. ३१ मार्चला वर्ष संपते. वहीत पुस्तकांचा पैसा शिल्लक दिसतो. न वापरलेले अनुदान परत मागितले जाते. एका अंकाची चूक पोरांना भोवते."

आता आपल्या कामाची गोष्ट. मुलीला महाविद्यालयात घातले की शुल्काची पावती मिळते. पावतीवरची नुसती बेरीज पाहू नका. एकेक खाते वाचा. शिकवण्याचे शुल्क, ग्रंथालयाचे शुल्क, परीक्षेचे शुल्क हे गेलेले पैसे. पण कोठे 'अनामत' लिहिले असेल, तर ते पैसे तुमचे आहेत. मुलीने शिक्षण संपवले आणि पुस्तके, सामान परत केले, की अनामत परत मागता येते. पुष्कळ लोक पावती हरवतात, किंवा मागतच नाहीत. पावती जपून ठेवा. परत मागण्याची मुदत पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

विद्यापीठाने कोणत्या खात्यावर किती खर्च केला, हेही तुम्हाला विचारता येते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. अर्ज मराठीत चालतो. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाही. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जात खात्याचे नाव आणि वर्ष लिहा. "सगळा हिशेब द्या" असे मोघम लिहू नका. प्रश्न नेमका, तर उत्तर नेमके.

वाचा आणि सांगा

१. लेखाशीर्ष म्हणजे काय?
२. ४२०२ हे शिक्षणाचेच खाते आहे. त्यातला खर्च चालू की टिकाऊ?
३. घरातली एखादी पावती आणा. तिच्यावरची खाती मोठ्याने वाचा. त्यांत अनामत आहे का?

नवे शब्द: लेखाशीर्ष, अनुदान, अनामत, हिशेबनीस, तपासनीस