परदेशी कोर्टाचा हुकूमनामा आणि नादारी



खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही पोफळीला गेलो होतो. बांधावरच एका सभासदांनी विचारले, "साहेब, पोरगा दुबईला होता. नोकरी सुटली, तिथल्या बँकेचं कर्ज थकलं, तो घरी आला. आता तिकडच्या कोर्टाचा हुकूम झालाय म्हणे. माझी जमीन नि बैल जाणार काय?" आपली बरीच मुले आखातात आहेत, म्हणून जाणत्या वकिलांकडून समजून घेतलेली माहिती येथे देत आहोत.

१) हुकूम इथे कसा येतो? पूर्वी अमिरातीतल्या हुकूमनाम्यावर इथे नवा दावा लावावा लागे. 17 जानेवारी 2020 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेपासून तिथल्या नेमलेल्या कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44-अ खाली थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. मग तो इथल्याच कोर्टाचा असल्यासारखी दरखास्त चालते. सौदी किंवा अमेरिकेच्या हुकूमाला ही वाट नाही. तिथे अजून नवा दावाच लागतो.

२) नादारी कधी? मुंबई शहराला 1909 चा व आपल्या जिल्ह्यांना 1920 चा नादारी कायदा लागू आहे. हुकूमनाम्यापोटी मालमत्तेचा लिलाव झाला, की कायद्याच्या भाषेत ते 'नादारीचे कृत्य' ठरते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत घेणेकऱ्याला नादारीचा अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर मालमत्तेचा ताबा देणेकऱ्याकडे राहत नाही.

हे उलट्या दिशेनेही घडते. स्टेट बँक व इतर बँकांना विजय मल्ल्यांविरुद्ध बेंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाचा हुकूम 2017 मध्ये मिळाला. बँकांनी तो इंग्लंडमध्ये नोंदवला, 2018 मध्ये अर्ज केला, आणि 26 जुलै 2021 रोजी लंडनच्या हायकोर्टाने मल्ल्यांना दिवाळखोर ठरवले. तिथे आपला हुकूम परदेशी होता, एवढाच फरक.

३) बचाव कोणता? कलम 13 प्रमाणे परदेशी कोर्टाला अधिकार नसेल, गुणदोष न पाहता निकाल दिला असेल, म्हणणे मांडायची संधीच दिली नसेल किंवा निकाल लबाडीने मिळवला असेल, तर इथे हरकत घेता येते. पण समन्स हातात पडूनही गप्प बसलेल्याची बाजू लंगडी होते.

४) काय जाते, काय वाचते? मुलाच्या कर्जाला बाप जामीन नसेल तर बाप देणेकरी नाही. मात्र वडिलोपार्जित सामाईक जमिनीत मुलाचा हिस्सा असेल, तर तेवढ्या हिश्शावर जप्ती येऊ शकते. खुद्द शेतकरी देणेकरी असला, तरी कलम 60 प्रमाणे त्याचे राहते घर, शेतीची अवजारे, पोटापाण्यापुरते बैल व बियाणे यांना हात लागत नाही. शेतजमिनीला मात्र ते संरक्षण नाही.

म्हणून मुलगा परत आला की आधी त्याला विचारा, तिकडे काय देणे राहिले. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. घाईने जमीन दुसऱ्याच्या नावावर करू नका. घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेले असे व्यवहार कोर्ट रद्द करू शकते, आणि तेही नादारीचेच कृत्य आहे. बँकेशी तडजोड करून हप्ते बांधून घेता येतात. कागद आला की पाकिटासह जपून ठेवा व लगेच वकील गाठा.

पोंगा वाळलेला दिसला की आपण त्याच दिवशी खोडकीड शोधतो. कोर्टाच्या कागदालाही तोच नियम लावावा.

— ऊस विकास अधिकारी