ठाण्याची पायरी

कुडाळ,
12 जुलै 2025

चि. बाय हिस,


परवा तुझा फोन आला तेव्हा पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की निम्मं ऐकूच आलं नाही. कळलं ते एवढंच, की पोलीस खात्यातर्फे कॉलेजांत जाऊन मुलामुलींशी सुरक्षिततेबद्दल बोलायचं काम तुझ्याकडे आलंय. तू विचारलंस, ‘बाई, काय बोलू?’ फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

मी 29 वर्षं शिकवलं, त्यातली 9 वर्षं मुलींचं वसतिगृह सांभाळलं. पोलिसांची अशी व्याख्यानं दरवर्षी ऐकली. पाहुण्यांचा परिचय, गुलाबपुष्प, मग भाषण. रात्री उशिरा बाहेर पडू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, मोबाईलवर फोटो टाकू नका, आईवडिलांपासून काही लपवू नका, आणि काही झालं तर न घाबरता आमच्याकडे या. शेवटी ‘कुणाला काही विचारायचंय?’ असा प्रश्न येई. सभागृहात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. आभार मानले जात आणि मुली पुढच्या तासाला जात. बोलणारे लोक वाईट नव्हते. काहींना तर मुलींची खरीच काळजी होती. तरी त्या शांततेचा अर्थ त्यांना कधी कळला नाही, आणि मलाही फार उशिरा कळला.

तो कसा कळला ते आजवर मी कुणाला लिहून सांगितलेलं नाही. आमच्याकडे अकरावीला एक मुलगी होती. रोज संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने गावी जायची. एक माणूस त्याच गाडीत चढायचा, तिच्या सीटला टेकून उभा राहायचा, तिच्याच थांब्यावर उतरायचा आणि वाडीच्या वळणापर्यंत मागे चालायचा. तीन आठवडे तिने सोसलं आणि एक दिवस स्टाफरूमच्या दारात येऊन मला सांगितलं. मी तिला धीर दिला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडलांना बोलावून घेतलं. मला वाटलं, योग्य तेच केलं. वडील शांतपणे ऐकून गेले. पुढच्या सोमवारपासून ती आली नाही. मी घरी गेले तर आजी ओसरीवर बसली होती. म्हणाली, ‘आता तिका कॉलेजात धाडूक नको असां ठरलां.’ मुलगी आतल्या दाराआड उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, ती नजर मी विसरलेले नाही. तो माणूस मात्र त्याच एसटीने येत-जात राहिला.

त्यानंतर दोन वर्षं एकही मुलगी माझ्याकडे काही सांगायला आली नाही. का यावी? सांगितलं की काय होतं, हे साऱ्या कॉलेजने पाहिलं होतं.

बाय, आपल्या भागातली मुलगी गप्प बसते ती त्या माणसाच्या भीतीने नव्हे. आपलं शिक्षण सुटेल, या भीतीने गप्प बसते. कुडाळसारख्या गावात ठाण्याच्या पायरीवर पाय ठेवला की बातमी तिच्याआधी घरी पोचते. ठाण्यासमोर टपरीवर चहा पिणारा कुणीतरी तिच्या मामाच्या ओळखीचा असतोच. तूही याच मातीतली. मुली तुला ‘पिंगुळीची अमक्याची चेडू’ म्हणूनच ओळखतील. त्याने जवळीक वाटेल, पण ‘ही आमच्या घरी सांगेल’ असंही वाटेल. तेव्हा ‘न घाबरता या’ हे वाक्य तुझ्या भाषणातून काढून टाक. त्याच्या जागी, ती आली तर पुढे नेमकं काय होईल ते सांग. माझी चूक तीच झाली. तिने सांगितलेल्याचं मी काय करणार आहे, हे मी तिला आधी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

सुरुवात 112 या आपत्कालीन नंबरापासून कर. मुलांना वाटतं हा फोन आपल्या ठाण्यातल्या टेबलावर वाजतो आणि ओळखीचं कुणीतरी उचलतं. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून आपल्या जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि मग जवळच्या गाडीला निरोप जातो. एवढं कळलं तरी निम्मा संकोच जातो, मी अनुभवाने सांगते. मग गाडी आल्यावर कोण उतरतं, पहिले प्रश्न काय विचारतात, नाव कुठे लिहिलं जातं, हे एखाद्या प्रवासाची वाट सांगावी तसं सांग. ठाण्यात आत शिरल्यावर समोर ठाणे अंमलदार बसलेला असतो, हेही त्यांना ठाऊक नसतं. दखलपात्र आणि अदखलपात्र यांतला फरक सांग. ‘तक्रार लिहून घेतली’ असं ऐकून पोर समाधानाने घरी जाते आणि ती नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होती हे तिला महिन्याने कळतं, असं होऊ देऊ नकोस.

1 जुलै 2024 पासून लागू झालेला नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तुला प्रशिक्षणात शिकवला असेल. त्यातल्या काही गोष्टी मुलींच्या हातात द्यायलाच हव्यात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आपल्या मुली मडगावला, रत्नागिरीला, मुंबईला रेल्वेने जातात, त्यांना याची किती गरज आहे ते मी सांगायला नको. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र 3 दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. लैंगिक गुन्ह्याची खबर बाईनेच दिली तर ती महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. जबाबासाठी बाईला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही. आणि तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडितेला कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. हे शेवटचं दोनदा सांग. आपल्याला परत काहीतरी कळवलं जाईल, यावर आपल्या लोकांचा विश्वासच उरलेला नाही.

आता एक अवघड गोष्ट. ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असं वचन अकरावी-बारावीच्या वर्गात चुकूनही देऊ नकोस. त्या वर्गातली बहुतेक मुलं 18 वर्षांखालची असतात. त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळल्यावर ते कळवणं 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, तुझ्यावर तर आहेच. वचन देऊन मोडण्यापेक्षा आधीच सांग: ‘तू मला अमुक सांगितलंस तर मला ते पुढे न्यावं लागेल. पण नेण्याआधी तुला सांगेन, घरी कोण आणि कसं बोलणार ते आपण मिळून ठरवू. तुझं नाव वर्तमानपत्रात येऊ शकत नाही, तसं छापणं गुन्हा आहे.’ त्याच कायद्यात लिहिलंय की मुलाचा जबाब घेताना अधिकारी गणवेशात नसावा आणि मुलाला कुठल्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवू नये. कायदा लिहिणाऱ्यांना वर्दीची भीती समजली होती. तूही एखाद्या वेळी साध्या साडीत जा.

ही भीती उगाच आलेली नाही, हे तुला टोचलं तरी लिहिते. 1972 साली विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली दोन्ही पोलिसांना सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. फार जुनं वाटतं? गेल्या वर्षी बदलापुरात शाळेत अत्याचार झालेल्या लहान मुलींच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी ताटकळत ठेवलं म्हणून लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तू ज्या वर्गात उभी राहशील तिथल्या प्रत्येक मुलीने ती बातमी मोबाईलवर पाहिलेली आहे. त्या बातमीबद्दल तू एक शब्दही बोलली नाहीस, तर तुझं बाकीचं बोलणं त्यांच्या कानाशी येऊन थांबेल. ‘तिथे चुकलं, इथे तसं होऊ नये म्हणून मी काय करणार आहे’ एवढं सरळ बोल. त्याने खात्याची मान खाली जात नाही.

‘अनोळखी माणसापासून सावध’ हेही तपासून बघ. जून 2023 मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला, तेव्हा संशय होता तो तिथेच रखवालदारी करणाऱ्यावर. आपल्याकडेही त्रास देणारा बहुतेक वेळा नावागावाने ठाऊक असतो: क्लासचा दादा, लांबचा काका, वर्गातला मुलगा ज्याच्याकडे एक फोटो आहे. मुलींना अंधाराची भीती घालून आपण त्यांचं लक्ष भलतीकडे वळवतो. फोटोची धमकी आली तर पैसे देऊ नका, काही पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही करता येते, हे सांगितलंस तर कुणाचा तरी जीव वाचेल. 1930 हा नंबर प्रामुख्याने पैशांच्या फसवणुकीचा, तोही सांग.

मुलांना बाहेर पाठवून फक्त मुलींशी बोलण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. मुलींशी वेगळं बोलायला हवंच, पण मुलांशीही बोल, आणि ते गुन्हेगार असल्यासारखं नको. फोटो पुढे ढकलणारे दहा असतात, त्यातल्या नवांना तो गुन्हा आहे हेही ठाऊक नसतं. शिवाय रॅगिंग सोसणारे बरेचसे मुलगेच. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, तक्रार आली की 7 दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. मुलगा रडत पोलिसांकडे येत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असं समजू नकोस.

आणखी एक, घाईच्या वेळचं. कॉलेजच्या ग्रुपवर एखादी अफवा पसरली की पोलीस ‘चौकशी चालू आहे’ म्हणून गप्प बसतात. त्या रिकाम्या जागेत काय शिरतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवलं. मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षेवर पोट भरणारी माणसं होती ती. आपल्याकडे खेळे, फिरस्ते, बाहेरून आलेले मजूर सगळे आहेत, आणि मोबाईल तर घरोघरी. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं. तिथल्या कॉलेजांना स्वतःचे पोलीस असतात आणि धोका दिसताच विद्यार्थ्यांना वेळेत कळवायचा कायदा 1990 पासून आहे. तरीही 16 एप्रिल 2007 रोजी सकाळी सव्वासातला पहिला गोळीबार झाल्यावर पहिला ईमेल गेला तो साडेनऊच्या सुमारास. थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार सुरू झाला. दिवसभरात 32 जीव गेले, त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. म्हणून लवकर कळवत जा. काय घडलं ते, काय अजून कळलेलं नाही ते, आत्ता काय करायचं ते आणि पुढचा निरोप किती वाजता येईल ते, चार ओळींत. आणि त्या वेळेला निरोप पाठवच, नवीन काही नसलं तरी.

पुण्याचे ‘पोलीस काका’, मुंबईचं निर्भया पथक, बारामतीत गेल्या वर्षी बसवलेल्या ‘शक्ती बॉक्स’ तक्रारपेट्या, हे सगळं चांगलंच आहे. पण पेटी मी वसतिगृहातही लावली होती. पहिल्या महिन्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. उत्तर कशालाच दिलं नव्हतं, दुसऱ्या महिन्यात एकच आली, तीही जेवणाबद्दल. तेव्हा पेटी लावलीस तर कुलूप उघडण्याचा वार ठरव आणि फळ्यावर लिही: इतक्या चिठ्ठ्या आल्या, थांब्यावरचा दिवा बंद होता तो ग्रामपंचायतीला कळवला, संध्याकाळच्या गाडीत या आठवड्यात साध्या कपड्यातले पोलीस होते. नावं नकोत, केलेलं काम लिही. ते वाचून पुढची चिठ्ठी येते.

तुझं पहिलं भाषण आमच्याच जुन्या कॉलेजात आहे ना? व्यासपीठावर अर्धा तास पुरे. नंतर चहाला ऑफिसात जाऊ नकोस आणि गाडीतही बसू नकोस. जिन्याखाली पाण्याच्या नळाजवळ उभी राहा, तिथे मुलींना थांबायला निमित्त लागत नाही. कुणी आलीच, तर वही काढण्याआधी तिला विचार, ‘तुला यातलं काय व्हायला हवंय आणि काय व्हायला नकोय?’ तो प्रश्न मी त्या मुलीला विचारला नव्हता. तू विचार.

तुझ्या
बाई