पावसाळ्यात चेहरा का पेटतो?

प्रश्न : माझे वडील (वय ५५) शेती करतात. तीन वर्षांपासून पाऊस सुरू झाला की त्यांचा चेहरा, मान, हात प्रचंड खाजतात. कातडी जाड, काळी पडलीय. मेडिकलमधल्या ट्यूबने आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. – एक वाचक, ता. राहुरी

उत्तर : पत्रावरून पक्कं निदान होत नाही, पण माझा पहिला संशय गाजर गवतावर. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज नगर जिल्ह्यात बांधावर, पाटाच्या कडेला, पडीक रानात सगळीकडे माजलंय. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी येते. वाळक्या गवताचा चुरा वाऱ्याने अंगावर बसतो, म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो.

वडिलांच्या वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग नीट बघा. नुसत्या उन्हाच्या त्रासात या सावलीतल्या जागा बहुधा सुटतात. हवेतून येणाऱ्या ॲलर्जीत नेमक्या त्याच धरतात. खात्री पॅच टेस्टने होते : पाठीवर लावलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढून कातडी तपासतात.

ट्यूब मनाने लावणं थांबवा आणि ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशा ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टिरॉइड असतं, चेहऱ्याची कातडी त्याने पातळ होते. आजार जुना असेल तर ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या देतात, पण रक्ततपासणी करत करतच. गवत फुलण्याआधी उपटा. मात्र वडिलांना त्या कामाला लावू नका. रानातून आल्यावर त्यांनी लगेच आंघोळ करून कपडे बदलावेत.

एखादा चट्टा न खाजणारा, बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. औषध मोफत मिळतं.