जुनी मोटार खोडीची निघाली तर पैसे परत कसे मिळवावेत?



उसाचे बिल बँकेत जमा झाले की घरोघर हिशेब सुरू होतात. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, मुलांच्या फिया, एखादे लग्नकार्य. या सगळ्यातून चार पैसे उरले तर दाराशी एक चारचाकी असावी असे वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. जवळा बाजारहून हिंगोलीला, परभणीला किंवा नांदेडला रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ आली की गाडीचे मोल कळते. नवी परवडत नाही म्हणून जुनी बघितली जाते. पण वर्षभराच्या उसाचे पैसे मोजून आणलेली गाडी पंधरा दिवसांत मिस्त्रीच्या दारात उभी राहिली, तर माणसाने जावे कुठे?

बरेच जण म्हणतात, “जुनी वस्तू घेतली, आता कुणाला बोलणार?” ही समजूत अर्धी खरी आणि अर्धी खोटी आहे. खरे काय आणि खोटे काय, ते या लेखात समजून घेऊ.

बैलाची खोड आणि मोटारीची खोड

बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो, जुंपून बघतो. हेड्याला विचारतो, “खोड काय आहे का?” उघड दिसणारे वय आणि लंगडणे बघण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. मारका बैल गरीब म्हणून गळ्यात मारला, तर तो दोष विकणाऱ्याचा. आपल्या बाजारात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली ही समजूत आहे, आणि कायदा बराचसा हेच सांगतो.

१९३० सालच्या माल विक्री कायद्याप्रमाणे, त्याच मालाचा धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विकण्याजोग्या प्रतीचा असला पाहिजे. मात्र घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष दिसायलाच हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. झिजलेले टायर, फाटलेल्या गाद्या, पत्र्याचा गंज हे डोळ्यांना दिसते. त्याचे पैसे परत मागू नयेत. मीटर मागे फिरवणे, अपघातात वाकलेली चासी रंगाखाली दडवणे, पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी पुसून विकणे, कर्ज फिटलेले नसताना फिटले म्हणून सांगणे, या झाल्या दडवलेल्या खोडी. पैसे परत मागण्याचा हक्क उभा राहतो तो प्रामुख्याने यांच्यावर.

ग्राहकाचा कायदा

आपल्या राज्यात ग्राहक चळवळीने फार पूर्वी मूळ धरले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा २४ डिसेंबर १९८६ ला झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून लागू आहे. आपल्या कामाच्या गोष्टी त्यात पुढीलप्रमाणे आहेत.

१) पैसे मोजून वस्तू घेणारा तो ग्राहक. वस्तू नवीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही.

२) बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

३) सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत पैसे परत केले पाहिजेत. हे कलम सदोष वस्तूपुरते आहे. “गाडी मनाला आली नाही” एवढ्यावर पैसे मागता येत नाहीत.

४) तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते.

५) गाडी पुण्याला घेतली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे जवळा बाजारच्या सभासदाने हिंगोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जावे. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती.

हा कायदा धंदा करणाऱ्या विक्रेत्याला लागतो, हे विसरू नये. शेजारच्या गावच्या माणसाने स्वतःची गाडी विकली तर तो व्यापारी ठरत नाही. तिथे फसवणूक झाली तर दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते. म्हणून गाडी डीलरची आहे, का ऑटो कन्सल्टंट म्हणवणारा माणूस दुसऱ्याची गाडी नुसती दाखवतो आहे, हे आधी विचारावे. पावतीवर नाव कुणाचे येणार हेही विचारावे.

गोव्याचा दाखला

गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या बनावटीच्या नव्या मोटारीसाठी पैसे भरले. डीलरने पुढे केलेली गाडी २००९ साली बनलेली आणि ६२२ किलोमीटर चाललेली निघाली. अंगावर ओरखडे होते, खालची बाजू गंजलेली होती. ग्राहकाने गाडी बदलून द्या, नाहीतर पैसे द्या अशी मागणी केली. डीलर ऐकेना म्हणून तो जिल्हा ग्राहक मंचात गेला. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला, आणि डीलर व गाडी बनवणारी टाटा मोटर्स कंपनी या दोघांनाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला मोकळे केले. डीलरने काय केले ते कंपनीला माहीत होते असे तक्रारीत दाखवलेले नव्हते, आणि दोघांतला व्यवहारही स्वतंत्र खरेदी-विक्रीचा होता. कंपनी सुटली, पण डीलर सुटला नाही.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, जुनी गाडी नवी म्हणून किंवा जास्त चाललेली गाडी कमी चाललेली म्हणून विकणाऱ्याला जाब द्यावाच लागतो. दुसरा, तक्रार ज्याने फसवले त्याच्यावर नेमकी करावी. ज्याचे नाव घालाल त्याने काय केले, तेही तक्रारीत लिहावे.

घेतानाच कागद करून ठेवा

काट्यावर ऊस उतरला की वजनाची पावती आपण जपून ठेवतो. “टन किती?” हा वाद पुढे निघालाच तर तोंडचे शब्द चालत नाहीत, पावती चालते. गाडीचेही तसेच आहे.

• पक्के बिल घ्यावे. त्यावर गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर, बनावटीचे साल आणि त्या दिवशीचे मीटरचे किलोमीटर लिहून घ्यावेत. “अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, कर्ज नाही” ही तीन वाक्येही लिहून घ्यावीत. खरे बोलणारा लिहून द्यायला कचरत नाही.

• पैसे बँकेतून द्यावेत. रोख दिलेच तर पावतीशिवाय देऊ नयेत.

• परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीचा नंबर घालून मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि दंडाची चलने बघावीत. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सांगितले तर पाच मिनिटांचे काम आहे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

• १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेण्याचा नियम लागू झाला आहे. ते दाखवायला सांगावे.

• आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्यावा. डीलरने सुचवलेला नको.

• फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करू नयेत. आर.सी. आपल्या नावावर करून घेण्यात चालढकल नको.

“जशी आहे तशी विकली” असे बिलावर छापलेले असते. या वाक्याने डीलरची जबाबदारी काही अंशी कमी होते, हे खरे. पण जाणूनबुजून खोटे सांगितले असेल तर त्या वाक्याआड लपता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे फसवून केलेला करार फसलेल्याला रद्द करता येतो. मात्र विकणारा नुसता गप्प बसला होता आणि आपण साधी चौकशी केली असती तर खोड कळली असती, अशा वेळी आपली बाजू लंगडी पडते. म्हणून घेण्याआधी विचारावे, आणि उत्तर लिहून घ्यावे.

खोड निघाली तर काय करावे?

समजा, एका सभासदाने ३ लाख ८० हजारांना जुनी गाडी घेतली. बिलावर ६२ हजार किलोमीटर लिहिले आहे. नवव्या दिवशी इंजिन तापून गाडी बंद पडली. आपला गडी काय करतो? गावच्या मिस्त्रीकडे नेतो, इंजिन खोलतो, वीस हजार घालतो आणि मग भांडायला जातो. इथेच पुरावा हातचा गेला! इंजिन खोलल्यावर डीलर म्हणतो, “तुमच्या मिस्त्रीनेच बिघडवले.”

योग्य क्रम असा :

पहिल्याच दिवशी गाडी थांबवावी. ओढत चालवू नये. मीटरचा, बिघाडाचा आणि चासी नंबरचा फोटो काढावा.

त्याच दिवशी डीलरला फोन करावा, आणि लगेच तोच मजकूर मोबाईलवर लिहून पाठवावा. फोनवरचे बोलणे हवेत जाते, लिहिलेले राहते.

त्याच आठवड्यात त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. तिथे गाडीची जुनी सर्व्हिसिंगची नोंद मिळते का विचारावे. आपल्या उदाहरणात, दोन वर्षांपूर्वीच गाडी १ लाख ४० हजार किलोमीटर चालल्याची नोंद सापडली, तर सगळे चित्र पालटते. प्रश्न आता बिघडलेल्या इंजिनापुरता राहत नाही. बिलावर लिहिलेले खोटे ठरते.

त्यानंतर पोस्टाने, पोच घेऊन, नोटीस पाठवावी. वकील लागतोच असे नाही. मजकूर असा असावा :

“आपणाकडून मी दिनांक … रोजी गाडी क्रमांक … ही रुपये … देऊन खरेदी केली. बिलावर आपण … किलोमीटर लिहून दिले. दिनांक … रोजी गाडी बंद पडली. वर्कशॉपच्या सोबतच्या अहवालाप्रमाणे गाडीत … दोष असून प्रत्यक्ष … किलोमीटर झालेले आहेत. हा दोष खरेदीपूर्वीचा असून तो मला सांगितला गेला नाही. सबब ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत गाडी परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागितली जाईल.”

शिवीगाळ नको, धमकी नको. हे पत्र पुढे आयोगासमोर वाचले जाणार आहे.

सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हे फुकट आहे, आणि कधीकधी एवढ्यानेच डीलर तडजोडीला येतो.

आयोगात गेल्यावर

डीलर दाद देत नसेल तर जिल्हा आयोगात अर्ज करावा. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क काहीच नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. अर्ज ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही भरता येतो. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. बिल, बँकेचा उतारा, फोटो, अहवाल, नोटीस आणि पोचपावती क्रमाने लावावी.

डीलरला उत्तराला ३० दिवस आणि आयोगाने दिले तर वर १५ दिवस मिळतात. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी करावी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, तेव्हा धीर धरावा. आयोग दोष दुरुस्त करून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत द्या, नुकसानभरपाई द्या, यांपैकी योग्य तो आदेश देतो. प्रत्येक बिघाडाला पूर्ण पैसे मिळत नाहीत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका नव्या मोटारीच्या प्रकरणात क्लच सदोष होता तर क्लच बदलून द्यावा, अख्खी गाडी नव्हे, असे ठरवले. जेवढी खोड तेवढीच मागणी करावी.

डीलरला अपील करायचे तर ४५ दिवसांत आणि आदेशाची निम्मी रक्कम भरून करावे लागते. आदेश पाळला नाही तर एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

नेहमीच्या शंका

शंका : गाडीवर कर्ज काढले आहे. भांडण चालू आहे म्हणून हप्ता थांबवावा काय?
उत्तर : नाही. बँकेशी केलेला करार वेगळा आहे. हप्ता थकला तर व्याज आणि जप्ती आपल्यावर येते. भरलेले व्याज नुकसानभरपाईत मागावे.

शंका : जुना ट्रॅक्टर घेतला, स्वतःच्या शेतात चालवतो. मी ग्राहक का व्यापारी?
उत्तर : स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले साधन असेल तर ग्राहकच. पगारी ड्रायव्हर ठेवून चार-पाच गाड्या ऊस वाहतुकीला लावल्या असतील तर तो धंदा समजला जाण्याचा संभव आहे.

शंका : डीलर पैसे द्यायला तयार झाला. गाडी लगेच सोडावी काय?
उत्तर : पैसे खात्यावर जमा झाल्यावर, लेखी ताबापावती घेऊन सोडावी. आर.सी. आपल्या नावावर झाली असेल तर ती उतरवण्याचे कागद त्याच वेळी करावेत. नावावर असलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडे येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

बंधूंनो, डीलर सगळेच लबाड नसतात. चोख व्यवहार करणारेही पुष्कळ आहेत, आणि कागद मागितला म्हणून त्यांना राग येत नाही. राग येतो त्याच्याकडून गाडी घेऊ नये. अठरा महिने उसाला पाणी दिल्यावर जो पैसा हाती येतो, त्याला एका कागदाचे कुंपण घालायला आळस करू नये. हा अंक फेकून न देता गाडीच्या कागदांच्या पिशवीत ठेवावा, आणि शेजारी गाडी बघायला निघाला की त्याला वाचायला द्यावा.