मुक्या सोबत्याचे पथ्य

घरातील माणसाचे पोट बिघडले म्हणजे तो ते बोलून दाखवतो. कालचे लग्नाचे जेवण जड झाले, असे तो सांगतो, दोन दिवस मऊ भात आणि ताक यांवर राहतो आणि बरा होतो. दारातील कुत्र्याला हे साधत नाही. पुढे पडेल ते खावे आणि सोसले नाही तर कोपऱ्यात अंग मुडपून पडून राहावे, एवढेच त्याच्या हाती असते. रात्रीतून त्याने घर घाण केले म्हणजे सकाळी सर्वजण त्याच्यावर रागावतात आणि तो शेपटी पायांत घालून मुकाट्याने ऐकून घेतो. हा प्रकार वारंवार होऊ लागला की काही माणसे कंटाळतात आणि त्या प्राण्याला दूर कोठे तरी नेऊन सोडून देतात. वास्तविक दोष पुष्कळदा कुत्र्याच्या सवयींत नसतो, तो त्याच्या थाळीत असतो. ती थाळी भरणारे आपणच आहोत. तेव्हा नाजूक पोटाच्या कुत्र्याला काय घालावे आणि ते कसे ठरवावे, याचा विचार करणे हे आपलेच काम आहे.

प्रथम त्याचे पचन कसे चालते ते पाहू. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला म्हणजे तो गोड लागू लागतो, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. आपल्या लाळेत पिष्टमय पदार्थांची साखर करणारा पाचकरस असतो, त्याचा हा परिणाम होय. कुत्र्याच्या लाळेत तो जवळजवळ नसतोच. त्याला ४२ दात असतात. पण घास तोंडात घोळवून बारीक चावणे त्याला ठाऊक नाही. तो घास गिळून मोकळा होतो, आणि भात-भाकरी पचवण्याचे काम पुढे लहान आतड्यात, स्वादुपिंडाच्या रसाने व्हावे लागते. शिवाय त्याचे आतडे शरीराच्या मानाने आपल्यापेक्षा आखूड असते. काम अधिक आणि वाट थोडी, अशी ही स्थिती आहे.

तरीही कुत्रा केवळ मांसावर जगणारा प्राणी राहिलेला नाही. त्याचे पूर्वज लांडगे होते. परंतु हजारो वर्षे माणसाच्या वस्तीजवळ राहून, त्याचे उष्टे अन्न खाऊन त्याच्या शरीरात बदल घडून आला. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली लांडगा व कुत्रा यांची आनुवंशिक रचना ताडून पाहिली. स्वादुपिंडात पिष्ट पचवणारा रस ज्या जनुकामुळे तयार होतो, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. आपल्या भाकरीने त्याचे पोट घडवले, असे म्हटले तरी चालेल. मात्र सारी कुत्री एका साच्यातून काढलेली नाहीत, हेही त्याच आकड्यांवरून ध्यानात येते. शेजारच्या कुत्र्याला जे मानवते ते आपल्या कुत्र्याला मानवेलच, असे धरून चालणे बरोबर नव्हे.

कुत्र्याच्या पचनाविषयी आज जे ज्ञान आहे, त्यातील मोठा वाटा रशियातील इव्हान पाव्हलॉव या शास्त्रज्ञाचा आहे. घंटा वाजताच लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांमुळे त्याचे नाव सर्वतोमुखी झाले; पण त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनाच्या अभ्यासाबद्दल. सेंट पीटर्सबर्ग येथील प्रयोगशाळेत त्याने कुत्र्यांना कधी मांस, कधी पाव, कधी दूध दिले आणि प्रत्येक वेळी जठरात किती रस येतो, कोणत्या वेळी येतो व तो किती तीव्र असतो, याची मोजदाद केली. मांसासाठी येणारा रस निराळा, पावासाठी निराळा आणि दुधासाठी आणखी निराळा, असे त्याला दिसून आले. ज्या अन्नाची रोजची सवय असते, त्याच्या बेताने पाचकग्रंथी आपले काम हळूहळू जुळवून घेतात. म्हणून काल भात, आज अचानक मटण आणि उद्या पिशवीतील कोरडे खाद्य, असा खेळ चालला की सुदृढ कुत्र्याचेही पोट बिघडते. मग नाजूक पोटाच्या कुत्र्याची कथा काय! हे ज्ञान मिळवताना पाव्हलॉवच्या कुत्र्यांना शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. त्या संस्थेच्या बागेत १९३५ साली कुत्र्याचे एक स्मारक उभारण्यात आले, ते उगीच नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. समजा, एका घरात एक कुत्रा आहे आणि त्याच्यावर सर्वांचा जीव आहे. सकाळी आजी त्याला वाटीभर दूध घालते. दुपारी आई उरलेली पोळी रश्शात कुस्करून देते. मुले शाळेतून आली की आपल्या बिस्किटांतील अर्धी त्याला चारतात, आणि रविवारी वडील ताटातील हाडे त्याच्यापुढे टाकतात. प्रत्येकाला वाटते की, आपण थोडेसेच दिले. या थोड्या-थोड्याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

यातील एकेक जिन्नस तपासून पाहण्याजोगा आहे. पिल्लू आईचे दूध पिण्याचे सोडते, तेव्हापासून दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती कमी होत जाते; म्हणून मोठ्या कुत्र्याला दुधाने पुष्कळदा हगवण लागते. पोळीतील गहू बहुतेक कुत्र्यांना पचतो, पण सर्वांना नाही. आयरिश सेटर जातीच्या काही कुत्र्यांत गव्हातील चिकट द्रव्याने आतड्याला इजा होते आणि हा विकार पिढीजात असतो. ते चिकट द्रव्य ज्वारी, बाजरी व तांदूळ यांत नसते. रश्शातील कांदा आणि लसूण यांचा दोष तर याहून गंभीर आहे. त्यांच्यामुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात, आणि शिजवल्याने हा गुण जात नाही. मनुका व बेदाणे यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तेव्हा सणाचा लाडू त्याला प्रेमाने भरवणे हे प्रेम नव्हे. चॉकलेटही त्याला विषासमान आहे. शिजवलेल्या हाडांच्या अणकुचीदार फोडी होतात आणि त्या आतड्यात रुततात.

कुत्र्याला तूप पचत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. ते माणसांना टोचून बोलण्यासाठी म्हटले जात असले, तरी नाजूक पोटाच्या कुत्र्याच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरते. एरवी निरोगी कुत्रा स्निग्ध पदार्थ चांगले पचवतो; पण तळणीचा किंवा चरबीचा एकदम मोठा वाटा पोटात गेला म्हणजे काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि हे दुखणे जिवावरही बेतू शकते.

पण अन्न बदलण्यापूर्वी दुखणे अन्नाचेच आहे ना, याची खात्री करून घ्यावी लागते. पोटातील जंत, दूषित पाणी, संसर्ग यांनीही हीच लक्षणे दिसतात. यासाठी कुत्र्याच्या विष्ठेकडे लक्ष द्यावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही, कारण त्या मुक्या प्राण्याची तीच भाषा आहे. विष्ठा पातळ व पुष्कळ असेल आणि कुत्रा खाऊनही वाळत चालला असेल, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडी-थोडी विष्ठा वारंवार होणे, कुंथणे, आव पडणे ही मोठ्या आतड्याची लक्षणे होत. पशुवैद्यास एवढे नीट सांगता आले, तरी त्याचे निम्मे काम हलके होते. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. ती चटकन पूर्ववत बसली नाही, तर अंगातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. अशा वेळी, किंवा विष्ठेत रक्त दिसले, उलट्या थांबेनात, अथवा आजारी असलेले लहान पिल्लू असले, तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून तत्काळ पशुवैद्य गाठावा. पिल्लांना होणारा पार्व्हो विषाणूचा रोग उपचारांस उशीर झाल्यास थोड्या दिवसांत प्राण घेतो.

साध्या बिघाडाला साधा उपाय पुरतो. मऊ शिजवलेला भात आणि कातडी काढून नुसत्या पाण्यात उकडलेली कोंबडी, मीठ-मसाला-तेल न घालता, दिवसातून चार-पाच वेळा थोडी-थोडी द्यावी आणि स्वच्छ पाणी जवळ ठेवावे. उकडलेला लाल भोपळा थोडासा मिसळला तर मोठ्या आतड्याला त्याचा उपयोग होतो. दोन-तीन दिवसांत पोट ठिकाणावर येते. मात्र हे अन्न पचायला हलके असले तरी पुरे नव्हे. त्यात कॅल्शियम फार थोडे असते. वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने तेवढेच घातले, तर त्याची हाडे ठिसूळ होतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने क्षार व जीवनसत्त्वे यांची भर घातली, तरच घरचे अन्न कायमचे चालू ठेवता येते.

ज्या कुत्र्याचे पोट महिन्यातून दोनदा-तीनदा बिघडते, त्याच्यासाठी निराळी वाट धरावी लागते. त्याला नेमके काय सोसत नाही, हे शोधायचे असते. प्रथिनांपैकी एकच आणि धान्यांपैकी एकच निवडायचे, आणि तेही शक्यतो त्याने पूर्वी कधी न खाल्लेले. ज्या पदार्थांची कुत्र्यांना अधिक वेळा बाधा होते असे आढळले आहे, ते गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी व गहू हे आहेत. म्हणजे जे नेहमी खाण्यात येतात, त्यांचाच संशय प्रथम घ्यावा लागतो. लहानपणापासून कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला ‘हलकी’ म्हणून पुन्हा कोंबडीच घालत राहणे व्यर्थ आहे. त्याला मासे आणि भात, किंवा बोकडाचे मांस आणि बटाटा असे काही देऊन पाहावे. काही तयार खाद्यांत प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की, शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांना सहसा ओळखू शकत नाही आणि त्यांच्यावर तुटून पडत नाही. अशी खाद्ये महाग असतात. तथापि इतर उपाय थकले म्हणजे त्यांचा फार उपयोग होतो.

पिशवीतील खाद्य घेताना तिच्यावरील चित्र पाहू नये, घटकांची यादी वाचावी. जो घटक वजनाने अधिक तो यादीत अगोदर, असा सर्वसाधारण नियम आहे. पिशवीवर मोठ्या अक्षरांत मासा असतो आणि यादीत तिसऱ्या-चौथ्या जागी कोंबडीची चरबी लपलेली असते, असे पुष्कळदा दिसते. ‘धान्यविरहित’ या शब्दालाही भुलू नये. बहुतेक कुत्र्यांचे धान्याशी वैर नसते. उलट अशा काही खाद्यांचा, विशेषतः ज्यांत वाटाणा व मसूर यांसारखी कडधान्ये भरपूर असतात त्यांचा, कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली होती. तो संबंध निश्चितपणे सिद्ध झालेला नाही. पिशवीवरील शब्द हा काही पशुवैद्याचा सल्ला नव्हे, एवढे यातून घ्यावे.

नवे अन्न एकदम सुरू करू नये. पहिले दोन दिवस तीन भाग जुने व एक भाग नवे, पुढे निम्मे-निम्मे, त्यानंतर एक भाग जुने व तीन भाग नवे, अशा रीतीने आठवडाभरात बदल पुरा करावा. पोटाची लक्षणे बहुधा दोन-तीन आठवड्यांत कमी होऊ लागतात. पण अंगाला कंडही सुटत असेल, तर परीक्षा आठ आठवडे चालवावी लागते. या काळात ठरलेल्या अन्नावाचून एक बिस्किटही चालत नाही. येथेच खरी कसोटी लागते, आणि ती कुत्र्याची नसून घरातील माणसांची असते. तो पाटाजवळ येऊन बसतो, डोळे लावून पाहतो, आणि कोणाचा तरी हात ताटाखालून हळूच पुढे जातो. सात आठवड्यांचा संयम त्या एका घासाने वाया जातो. म्हणून हे काम घरातील एकाकडे सोपवावे. शाळेत जाणारे मूलही ते चांगले करू शकते. एक वही करावी. तीत रोजची तारीख, दिलेले अन्न व त्याचे माप, विष्ठेचा प्रकार, उलटी, खाज आणि पंधरवड्यातून एकदा वजन, एवढे लिहीत जावे. शेजाऱ्यांना व दूधवाल्यालाही सांगून ठेवावे.

पोट स्थिर झाले म्हणजे बहुतेक घरांत हा उद्योग थांबतो. ‘बरा झाला ना, मग आता कशाला?’ असे सर्वांना वाटते. परंतु जुने पदार्थ पुन्हा घालून पाहिल्यावाचून अपराधी कोण हे कळत नाही, आणि कुत्रा विनाकारण अनेक गोष्टींना मुकतो. म्हणून पूर्वीचा एकच पदार्थ, समजा गव्हाची पोळी, रोज थोडी द्यावी आणि दोन आठवडे वाट पाहावी. पोट बिघडले तर ती ताबडतोब बंद करावी. न बिघडले तर ती निर्दोष ठरली. मग कोंबडी, मग दही, असे एकेक तपासावे. जे पदार्थ मुळातच घातक आहेत, त्यांची परीक्षा अर्थातच घ्यायची नसते. शेवटी वहीच्या एका पानावर दोन रकाने आखावेत, एकात मानवणारे पदार्थ लिहावेत आणि दुसऱ्यात वर्ज्य. ते पान स्वयंपाकघराच्या भिंतीवर डोळ्यांसमोर लावावे, म्हणजे सुट्टीत आलेल्या पाहुण्यांनाही ते वाचता येईल.