पाळी संपण्यापूर्वी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वेळ पाळीने मोजली जाते. पाळी बदलण्याच्या सुमारास रस्ते कामगारांनी भरून जातात. हजेरी चुकेल या धास्तीने माणूस ताटातला घास तसाच टाकून घराबाहेर पडतो. मालकाने ठरविलेल्या वेळेचा आपल्याला एवढा धाक असतो. मग ज्या अल्लाहने आयुष्याची मुदत ठरविली आहे, त्याच्यासमोरील हजेरीचा विचार आपण दिवसातून किती वेळा करतो? कारखान्यातील पाळी केव्हा संपणार हे ठाऊक असते. आयुष्याची पाळी केव्हा संपणार हे मात्र कोणालाही सांगितलेले नाही.

पवित्र कुरआनातील १०३ वी सूरह ‘अल्-अस्र’ अवघ्या ३ आयतींची आहे. आपल्या घरांतील लहान मुलांनाही ती तोंडपाठ असते. तीत अल्लाह काळाची शपथ घेऊन मानव नुकसानीत असल्याचे सांगतो. या नुकसानीतून तेच वगळले जातात जे ईमान बाळगतात, सत्कर्मे करतात आणि एकमेकांना सत्याचा व संयमाचा उपदेश करीत राहतात. इमाम फखरुद्दीन राझी यांनी आपल्या तफसीरमध्ये एका बुजुर्गांचा अनुभव नोंदविला आहे. बाजारात एक बर्फविक्या लोकांना विनवीत होता की, ज्याचे भांडवलच वितळत चालले आहे त्याच्यावर दया करा. ते ऐकून त्या बुजुर्गांना या सूरहचा अर्थ उमगला. बर्फ विकला गेला तर त्याचे मोल हाती येते. विकला गेला नाही तरी तो शिल्लक राहत नाही.

आपणही आपल्या भांडवलाचा हिशेब मांडून पाहावा. समजा, एखाद्याला ६० वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील पहिली १५ वर्षे बालपणाची. उरलेल्या ४५ वर्षांपैकी रोज ८ तास झोप धरली तर १५ वर्षे झोपेत गेली. रोज ८ तास काम धरले तर १५ वर्षे रोजीरोटीत गेली. हाती राहिली १५ वर्षे, आणि त्यांतच जाणे-येणे, जेवणखाण, आजारपण, गप्पा व मोबाइल. पाच वेळच्या फर्ज नमाजांना प्रत्येकी १० मिनिटे दिली, तर या ४५ वर्षांत मिळून सुमारे दीड वर्षच होते. हलाल कमाईसाठी गाळलेला घामही नेक नियतीने इबादत ठरतो, हे खरेच. परंतु ती नियत जागी असावी लागते. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक फसतात, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे.

ही फसगत ‘उद्या’ या शब्दाने होते. मुलीचे लग्न उरकले की, घराचे हप्ते फिटले की, नोकरीतून निवृत्त झालो की, मग नमाज सुरू करू, असे आपण म्हणतो. नमाजेइतकीच माणसांची देणीही आपण पुढे ढकलीत असतो. कोणाचे उसने पैसे राहिलेले असतात, कोणाशी वर्षानुवर्षे अबोला असतो. वडिलांच्या मालमत्तेतील बहिणीचा वाटा कुरआनने सूरह अन्-निसामध्ये निश्चित केला आहे. तरीही तिच्या संकोचालाच संमती समजून तो दाबून ठेवणारे भाऊ पहिल्या सफमध्ये उभे राहतात. जनाजा समोर आला की मृतावर कर्ज आहे काय, अशी विचारणा प्रेषित (स.) करीत. एका सहाबींवर कर्ज होते, तेव्हा आदरणीय अबू कतादा (रजि.) यांनी ते फेडण्याची हमी घेतल्यावरच प्रेषितांनी (स.) नमाज पढविली. यावरून माणसांच्या हक्कांचे गांभीर्य लक्षात यावे.

सूरह अल्-मुनाफिकूनच्या अखेरीस अशा माणसाचे चित्र आहे, जो मृत्यू समोर दिसताच थोडी सवलत मागतो, जेणेकरून दानधर्म करून सदाचारी होता येईल. परंतु घटका भरल्यावर कोणालाही मुदत वाढवून मिळत नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. तो माणूस जी सवलत मागतो, ती आज आपल्याजवळ आहे.

म्हणून जागृती म्हणजे क्षणभर डोळे पाणावणे नव्हे. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच तो घ्यावा, अशी आदरणीय उमर (रजि.) यांची शिकवण आहे. आज इशाच्या नमाजेनंतर पाच मिनिटे शांत बसावे आणि स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: आज कोणती नमाज सुटली? कोणाचे मन दुखावले? कोणाचे देणे माझ्याकडे आहे? सुटलेली नमाज त्याच रात्री अदा करावी. ज्याचे मन दुखावले त्याला सकाळी फोन करावा. देणे कागदावर लिहून घरच्यांना दाखवावे आणि फेडण्याचा दिवस ठरवावा. बहिणीचा वाटा राहिला असेल, तर तिने मागण्याची वाट न पाहता स्वतः तिच्या दारी जावे.

अल्लाह आपणा सर्वांना पाळी संपण्यापूर्वी जागे होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.